भाऊसाहेबांचा फोटो आणि कोनाड्यातला कप

या भागात पाहुणा कोणी नाही. मी एकटाच बोलणार आहे, आणि खरं सांगायचं तर हा भाग मी दोनदा रेकॉर्ड करून डिलीट केलाय. खाली जी लिखित प्रत आहे ती तिसऱ्या वेळची. बोलताना जे 'म्हणजे', 'बरं का' आलं ते थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय आहे वर्चस्ववाद. गोऱ्या लोकांचा, आणि मग आपला. हे सुचलं कसं ते आधी सांगतो.

डिसेंबर २०२४ मध्ये तुम्हाला आठवत असेल, अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरून मोठा धुरळा उडाला होता. ट्रम्प यांनी श्रीराम कृष्णन यांना एआयसंबंधी सल्लागार म्हणून नेमलं, आणि त्यांच्याच समर्थकांमधला एक गट भारतीयांवर तुटून पडला. त्या आठवड्यात मी अमरावतीत घरीच होतो, वर्क फ्रॉम होम. एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मी एक पुल रिक्वेस्ट टाकली होती. बग साधा होता, टाइमझोनचा. त्याखाली एका अनोळखी माणसानं लिहिलं, थोडक्यात सांगतो, की तुमच्यासारखे लोक स्वस्तात घुसतात, गुणवत्ता नसताना आमच्या जागा घेतात, आणि शिवाय अंगाला वास येतो. कोडबद्दल एक अक्षर नाही. त्याच्या प्रोफाइलवर 'गोरी संस्कृती वाचवा' छापाच्या पोस्टी आणि बायबलची वचनं, दोन्ही एकाखाली एक.

मेंटेनरनं ती कमेंट काढून टाकली, पण मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग मी माझ्या कॉलेजच्या रूममेटला फोन लावला. तो मूर्तिजापूरचा, आता हैदराबादला असतो. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ ना, न ओळखता, कोड न वाचता, फक्त आडनाव बघून.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "अबे, तुले आपला फर्स्ट इयर आठवते का?"

मला आठवत होतं. पण मी म्हटलं, काय?

म्हणाला, "काही नाही. जेव लेका."

आणि फोन ठेवला.

आता फर्स्ट इयरचं सांगतो. ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला प्रवेश घेतलाय त्यांना कॅप राउंडची यादी माहीत आहे. त्यात तुमच्या नावापुढं सीटचा कोड येतो. जीओपनएच, जीओबीसीएच, जीएससीएच. ही यादी उघड असते. पहिल्या आठवड्यात कॉलेजमध्ये जो तो दुसऱ्याला विचारतो, 'सीईटीचा स्कोर किती?' हा प्रश्न स्कोरचा नसतोच. स्कोर ऐकून समोरचा मनातल्या मनात कॉलम शोधतो. आम्ही चार जण एका रूममध्ये होतो. एकदा कँटीनला मी दुसऱ्या दोघांना म्हणालो, "त्याचं काय राजेहो, त्याला काय अभ्यास करा लागला, जीएससीएच." तो मागे उभा होता, हातात दोन समोसे. एक माझ्यासाठी आणलेला.

आणि माझी सीट होती जीओबीसीएच. आम्ही कुणबी. दर्यापूरकडचे. विदर्भात कुणबी ओबीसीत आहेत, आणि राज्यात ओबीसींना १९ टक्के आरक्षण आहे, अनुसूचित जातींना १३. म्हणजे मी स्वतः आरक्षणाच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या आरक्षणावर हसत होतो. मला तेव्हा त्यात काही विसंगत वाटलं नाही. हेच मला आज सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. त्या कमेंटवाल्या गोऱ्या माणसालाही त्याच्या लिहिण्यात काही विसंगत वाटलं नसणार. तो ज्या देशात बसून 'आमच्या जागा' म्हणत होता, तिथं त्याचेही पूर्वज बाहेरूनच आले असणार. यंत्रणा तीच आहे. 'गुणवत्ता' हा शब्द तोच आहे. 'आमच्या जागा' हे दोन शब्दही तेच.

हे मी ताणून जोडतोय असं वाटत असेल तर एक जुनी केस सांगतो. भगतसिंग थिंद. अमृतसरकडचे, शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या काळी अमेरिकेचं नागरिकत्व मिळवायला तुम्ही 'मुक्त गोरी व्यक्ती' असावं लागायचं, किंवा मग आफ्रिकन वंशाचं. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा नावाच्या जपानी माणसाला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तुमची कातडी उजळ असली तरी तुम्ही कॉकेशियन नाही, म्हणून गोरे नाही. थिंद यांच्या बाजूनं मग युक्तिवाद झाला, की शास्त्राप्रमाणे उत्तर भारतातला उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणून कॉकेशियन. एवढ्यावर थांबले नाहीत. असंही मांडलं गेलं, की अमेरिकन गोरा जसा निग्रोशी सोयरीक करत नाही, तसाच उच्च जातीचा हिंदू इथल्या मूलनिवासींशी करत नाही. म्हणजे काय, तर आम्हीही तुमच्यासारखेच आहोत, आम्हीही खालच्यांना हात लावत नाही, आम्हाला आत घ्या.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला. तेच न्यायमूर्ती, जॉर्ज सदरलँड. तीन महिन्यांपूर्वी कसोटी होती कॉकेशियन. आता म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट बदलणं म्हणतात, डिलिव्हरीच्या दिवशी. पुढं १९४६ पर्यंत भारतीयांना तिथं नागरिकत्वाचा दरवाजा बंद राहिला, आणि ज्यांना आधी मिळालं होतं अशा कित्येकांचं काढून घेतलं गेलं.

मला थिंद यांच्याबद्दल राग नाही. माणूस अडचणीत होता. पण अडचणीत त्यांच्या वकिलांच्या हाताला जे हत्यार लागलं ते जातीचं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण आपलं वर्चस्व दुसऱ्याच्या वर्चस्वाला दाखवून म्हणतो, बघा, आपलं गोत्र जुळतं.

आणि याच्या ५० वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले 'गुलामगिरी' लिहितात आणि ते पुस्तक अर्पण करतात अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला जॉर्जिया-अलाबामातली गोष्ट आणि आपली गोष्ट एकच दिसत होती. बाबासाहेब तर तिथं शिकलेच, कोलंबियाला, १९१३ ते १९१६. पुढं १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं, की अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडं जो अर्ज केलाय त्याची प्रत मला मिळेल का. ड्यु बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, नाव ब्लॅक पँथरवरून. ही जोडणी मी केलेली नाही. ती शंभर-दीडशे वर्षं चालू आहे.

इरावती कर्वेंचं एक मध्येच सांगतो, कारण मला ती गोष्ट फार आवडते. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला पीएचडी करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांच्या कामाचा पुढं नाझींच्या वंशधोरणाला आधार झाला. त्यांचा अंदाज असा, की मानवी कवटीतला डावा-उजवा असमतोल वंशाशी जोडलेला आहे, आणि त्यातून युरोपियनांचं श्रेष्ठत्व दिसेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं, असा काही संबंध दिसत नाही. गाइडच्या विरोधात डेटा लिहून द्यायचा, परक्या देशात, त्या काळात. आम्ही स्टँडअपला मॅनेजरसमोर 'डेट चुकणार' म्हणायला घाबरतो.

बरं. आता अमरावती.

मी अमरावतीत शिकलो, अंबादेवीला शंभरदा गेलो असेन. परीक्षेच्या आधी, निकालाच्या आधी, उगाच. पण १९२७ मध्ये याच मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची तयारी झाली होती, हे मला कॉलेज संपेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. महाडचं पुस्तकात होतं, काळारामचं होतं. आमच्या गावचं नव्हतं.

तारखा बघा. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृतीचं दहन. आणि या दोन्हींच्या मधे, १३ नोव्हेंबर १९२७ ला, अमरावतीत इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. विषय अंबादेवी. त्याच दिवसांत त्यांचे मोठे भाऊ बाळाराम वारले, ती बातमी त्यांना अमरावतीत मिळाली. त्या काळातली त्यांची मांडणी आज वाचली की मी थांबतो. ते म्हणत होते, हिंदुत्व ही स्पृश्यांची खासगी मालमत्ता नाही. ते घडवण्यात वसिष्ठ, कृष्ण, तुकाराम यांचा जेवढा वाटा, तेवढाच वाल्मीकी, चोखामेळा, रोहिदासांचा. म्हणजे १९२७ साली आंबेडकर दाराशी उभं राहून म्हणत होते, हे घर माझंही आहे. घर सोडतो असं ते येवल्याला म्हणाले १९३५ मध्ये. मधली आठ वर्षं दार कोणी उघडलं नाही, हा हिशोब त्यांना 'धर्म बुडवला' म्हणणाऱ्यांनी मांडत नाही.

अमरावतीत काय झालं? मंदिराच्या पंचांना विचार करायला वेळ द्यावा म्हणून सत्याग्रह पुढं ढकलला.

वेळ द्यावा. जरा थांबा. हे वाक्य मी नंतर जिथं तिथं वाचलं. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, ते कोणाला? कू क्लक्स क्लॅनला नाही. आठ गोऱ्या धर्मगुरूंना, भली माणसं सगळी, ज्यांनी जाहीर निवेदन काढून निदर्शनं अवेळी आहेत असं सुचवलं होतं. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना. १८४५ मध्ये ती वेगळी झाली तीच मुळात या भांडणातून, की गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता येईल की नाही. माफीचा ठराव केला १९९५ मध्ये. दीडशे वर्षं. आणि २०१७ मध्ये एका कृष्णवर्णीय पाद्रीनं गोऱ्या वर्चस्ववादाचा निषेध करणारा ठराव दिला, तर तो आधी समितीतच अडकला. बोंबाबोंब झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी सुधारून मंजूर. त्यानंतर दोन महिन्यांत शार्लट्सव्हिलमध्ये मशाली घेऊन मोर्चा निघाला, एक तरुणी गाडीखाली चिरडून मारली गेली, आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणाले, दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती.

मला वाटतं, धर्माच्या नावानं उघड शिव्या देणारा माणूस कमी धोक्याचा आहे. तो दिसतो. 'तुमचं बरोबर आहे हो, पण आत्ताच कशाला' म्हणणारा सज्जन दिसत नाही, कारण तो आपल्या घरातला असतो. बऱ्याचदा तो आपणच असतो.

मात्र 'धर्मानं काहीच केलं नाही' असं मी म्हणणार नाही, निदान वऱ्हाडात बसून तर नाहीच. गाडगेबाबा आमचेच. १८७६ चा जन्म, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. जात परीट. बालपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला, मामाकडं. हा माणूस हातात खराटा घेऊन गावात शिरायचा, दिवसभर गल्ल्या झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचा. उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं, ही पद्धत. पंढरपूरला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः देवळात जाण्यात त्यांना रस नव्हता. चोखामेळ्याच्या नावाची तिथली धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ गाडगेबाबा गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. माझ्या डिग्रीवर त्यांचं नाव आहे, आणि मी त्या डिग्रीच्या वर्गात कॉलम मोजत होतो.

राजकारणात आमचे म्हणजे भाऊसाहेब. डॉ. पंजाबराव देशमुख. पापळचे. ऑक्सफर्डला जाऊन डॉक्टरेट कशावर, तर वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर. म्हणजे 'शास्त्रात असं लिहिलंय' म्हणणाऱ्याला हा शेतकऱ्याचा पोरगा मूळ संस्कृतातून उत्तर देऊ शकत होता. परत आले, आंतरजातीय लग्न केलं, अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं जिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची. अंबादेवीच्या चळवळीच्या ते बाजूनं उभे राहिले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्याच सुमारास कायदेमंडळात देवस्थानांच्या संपत्तीबद्दल बिल आणलं, देवाचा पैसा शिक्षणाला लागावा असा विचार. सनातनी किती चिडले असतील बघा. पुढं देशाचे कृषिमंत्री. आणि आमच्याकडं घरोघर सांगतात, की भाऊसाहेबांनी सांगितलं म्हणून आपण कागदावर 'कुणबी' लिहिलं, आणि आज पोरांना सीट मिळते.

आमच्या गावच्या घरात बैठकीत तीन फोटो आहेत. गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, भाऊसाहेब. वऱ्हाडातल्या हजारो घरांत हेच तीन दिसतील. भाऊसाहेबांच्या फोटोच्या खाली कोनाडा आहे. त्या कोनाड्यात एक कप असायचा, दांडी तुटलेला, पांढऱ्यावर निळी फुलं.

सेकंड इयरला महालक्ष्म्यांना मी माझ्या रूममेटला घरी घेऊन गेलो. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आंबील असते, सोळा भाज्यांची भाजी असते, घर माणसांनी भरलेलं. आजीनं त्याला विचारलं, "कोनाचा रे तू?" त्यानं वडलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आजी म्हणाली, "हो का बाप्पा." बस. मग त्याचं पान ओसरीवर वाढलं. गर्दी होती, बरेच जण ओसरीवर होते, म्हणून मी मनाची समजूत घातली. जेवण झाल्यावर चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या गिलासात, त्याला त्या निळ्या फुलांच्या कपात. त्यानं चहा पिला, उठला, नळावर जाऊन कप स्वतः विसळला आणि बरोबर त्याच कोनाड्यात नेऊन ठेवला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं कुठं ठेवायचा. आणि तो कप कशाचा आहे हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. मी 'राहू दे' म्हणालो नाही.

बसमध्ये परत येताना आम्ही सबमिशनबद्दल बोललो.

आता मला सांगा, आमच्या घरात ना मनुस्मृती होती, ना कोणी कट्टर. आजी माझी देवमाणूस. भिंतीवर तीन सुधारक, खाली कप. आम्ही त्या तिघांना विरोध केला नाही. आम्ही त्यांना फ्रेम केलं, हार घातला, आणि त्यांच्या खालचा कोनाडा जसा होता तसा ठेवला.

राजकारणानंही बरचसं हेच केलं. वऱ्हाडात दलित-ओबीसींना जोडायचा खरा प्रयत्न झाला तो अकोल्यात, प्रकाश आंबेडकरांचा, ज्याला लोक अकोला पॅटर्न म्हणायचे. छोट्या-छोट्या ओबीसी जाती आणि बौद्ध एकत्र. १९९८ आणि १९९९ ला ते अकोल्यातून खासदार झाले. पुढं ते गणित जुळलं नाही, त्याची कारणं खूप आहेत, त्यांच्या स्वतःच्या चुका धरून. पण माझ्या बाजूनं सांगतो. आमच्यासारख्या कुणबी घरात मत मागायला आलेल्याला सगळे विचारायचे, 'माणूस कोनाचा आहे?' आजीनं विचारलं तसंच.

आणि शिकून, मोठं होऊन हे सुटतं का? कॅलिफोर्नियात २०२० मध्ये तिथल्या सरकारी विभागानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. दोन भारतीय इंजिनीअरांवरचे आरोप २०२३ मध्ये मागे घेतले, कंपनीवरचा दावा चालू ठेवला, कंपनीनं आरोप नाकारलेत. काय खरं ते कोर्ट बघेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलनं जातिभेदाला बंदी केली, दक्षिण आशियाबाहेरचं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. मग कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच बिल मंजूर केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं, आधीच्या कायद्यांत हे येतंच. तिथल्या काही हिंदू संघटनांचं म्हणणं, अशा कायद्यानं प्रत्येक हिंदूकडं संशयानं बघितलं जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्या कमेंटवाल्यासारख्या माणसाच्या हातात 'जात' हा शब्द पडला तर तो आपल्याला मारायलाच वापरेल. पण म्हणून माझ्या रूममेटनं गप्प बसावं का? घराची बदनामी होते म्हणून ओसरीवर जेवावं का? तेच परत. जरा थांबा.

आमच्या अमरावतीचे भूषण गवई. फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. अनुसूचित जातीतले दुसरे, बौद्ध पहिले. गावात पेढे वाटले. ६ ऑक्टोबर २०२५ ला भर कोर्टात एका वकिलानं त्यांच्या दिशेनं जोडा फेकायचा प्रयत्न केला, सनातनचा अपमान सहन करणार नाही असं ओरडत. कारण खजुराहोच्या विष्णुमूर्तीच्या याचिकेवर ते काहीतरी बोलले होते. गवईंनी कोर्टातल्या वकिलांना सांगितलं, लक्ष विचलित होऊ देऊ नका, आणि पुढची केस घेतली. पंतप्रधानांपासून सगळ्यांनी निषेध केला. मी त्या रात्री आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बघत होतो. १३८ मेंबर. बहुतेक इंजिनीअर, निम्मे बाहेरदेशी. पहिला निषेध आला, मग एकानं लिहिलं, "चूक झाली, पण त्यांनीही बोलायला नको होतं." त्याला २३ अंगठे. दोन्ही बाजूंना चांगली माणसं. माझ्या रूममेटनं त्या रात्री ग्रुप सोडला. '...ने ग्रुप सोडला' अशी ओळ आली आणि तिच्याखाली लगेच कोणीतरी दिवाळी ऑफरची लिंक टाकली.

मी त्याला फोन केला. या वेळी माझ्या दुःखासाठी नाही. म्हटलं, मला फर्स्ट इयर आठवते. कँटीन आठवते. कपही आठवतो. सॉरी म्हटलं. फार वाईट जमलं, अडखळत म्हटलं.

तो म्हणाला, "कपाचं तुले लक्षात होतं? मले वाटलं तुले दिसलाच नाही."

मी म्हटलं, दिसला होता.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग जास्तच झालं."

पुढच्या शनिवारी मी गावी गेलो. कोनाड्यात कप नव्हता. तिथं मोबाइलचं चार्जर होतं. आजीला विचारलं. ती आता ८४ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. म्हणाली, "फुटला असन. तुले कायले पायजे तो?" मी तिला सांगितलं कशाला. सगळं सांगितलं, माझ्या मित्राचं, त्यानं कप विसळला ते. मोठ्यानं सांगावं लागत होतं, त्यामुळं आत आई, काका, सगळ्यांनी ऐकलं. आजी काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवा तसंच होतं बाप्पा." मी म्हटलं, आजी, हे २०१६ चं आहे. भाऊसाहेबांच्या फोटोकडं बोट केलं, म्हटलं, यांनी विहिरी खुल्या केल्या त्याला तेव्हाच ८५-९० वर्षं झाली होती. काका आतून म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाले कायले छळतं रे." त्यांचंही बरोबर होतं. कप आजीनं ठेवला होता हे खरं, पण त्या दिवशी चहा त्यात ओतून आणला होता काकूनं, आणि ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती. आणि ट्रेमधून उचलून तो त्याच्या हातात दिला होता मी.

हे मी मघाशी सांगितलं नाही. आधीच्या दोन्ही रेकॉर्डिंगमध्येही सांगितलं नव्हतं. म्हणून ती डिलीट केली.

हा भाग टाकण्याआधी मी त्याला प्रत पाठवली. त्यानं दोन दुरुस्त्या केल्या. समोसे दोन नव्हते, तीन होते. आणि फुलं निळी नव्हती, हिरवी होती. मी 'निळी' तसंच ठेवलंय, कारण मला निळीच आठवतात, पण त्याच्यावर विश्वास ठेवा, कप त्याच्या हातात होता. नाव टाकू नको म्हणाला. मी त्याला विचारलं, यंदा महालक्ष्म्यांना येशील का. म्हणाला, "पाहू."

मी परत विचारलेलं नाही. सप्टेंबरला अजून वेळ आहे.

चला, भेटू.